वैजयंतीची ज्वारी

वैजयंती राणीसावरगावची. परभणीत आमची दोघींची एकच खोली. मी मराठीत एम.ए. केलं, ती ज्वारीवर पीएच.डी. करते. कणसातल्या बारीक फुलांचे पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग टाकायचे, वर कागदी पिशवी बांधायची. चार हंगाम तिने हेच केलं. संशोधन केंद्राच्या शेतात बाईसाठी संडास नाही, म्हणून ती पाणी न पिताच जायची. मूतखडा निघाला तेव्हा तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "म्हणूनच मी मुली घेत नसतो."

तिचा नवा वाण मोठ्या चाचणीला न्यायचा की नाही, हे ठरवायला समिती आली. ती बोलणार म्हणून मीही ऐकायला गेले.

सरांनी तिला सभागृहाच्या दारातच अडवलं.

"मांडायचं काम आदिनाथ करंल. तू तुझ्या ज्वारीच्या भाकऱ्या थाप पाहुण्यांसाठी. चव बी कळंल त्यांना."

"सर, काम माझं आहे."

"मग भाकरी बी तुझीच की!" सर हसले. मला म्हणाले, "तुमी बी हात लावा, मॅडम."

आदिनाथ सरांचाच विद्यार्थी, तिच्यानंतर दोन वर्षांनी केंद्रात आलेला. त्याने मान खाली घातली आणि तिचाच लॅपटॉप उचलला.

स्वयंपाकघरात तिने आधण ठेवलं, पीठ घेतलं. भिंतीपलीकडून आदिनाथचा आवाज आला. "हा संकर मी केला..."

तिचा हात थांबला.

"'मी' म्हणायलाय बघ," ती म्हणाली. गॅस बंद केला. पिठाच्या हातांनीच ती सभागृहात गेली. तिच्यामागे मी.

"झाल्या का भाकऱ्या?" सरांनी विचारलं.

"न्हाई. होणार बी न्हाईत. हा संकर मी केलाय. आधी ऐका, मग ज्याची त्यानं थापून घ्या."

कुणीतरी खुदकन हसलं. समितीच्या अध्यक्षांनी आदिनाथकडे पाहिलं.

"काम कुणाचं?"

"मॅडमचं," तो पुटपुटला.

"मग तुम्ही बसा. बोला, मॅडम."

ती बोलली. वाण चाचणीला गेला, तिच्या नावावर. समिती वरणभात जेवली, दोन-दोनदा वाढून घेऊन.

आता केंद्रात जो तो सांगतो, पोरगी लय आगाऊ, पाहुण्यांना उपाशी ठेवलं. खोटं बोलला तो आदिनाथ. त्याचं नाव कुणी काढत नाही.