दत्तूअण्णांचे देव

दत्तूअण्णांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क किंचाळले. करमाळ्याच्या शाळेतून माझी सोलापुरात बदली झाली होती आणि या भाड्याच्या घरात आमची एकच रात्र गेली होती. सकाळी सहाला केस पुसत न्हाणीतून बाहेर आले, तर मधल्या खोलीत साठीला टेकलेला एक उघडाबंब गृहस्थ माझ्याकडे पाठ करून घंटी वाजवत बसलेला! आमचे हे झाडू घेऊन धावत आले. गृहस्थांनी मानसुद्धा वळवली नाही.

"वरडू नका बाई. देव हायत हितं."

ते आमचे घरमालक निघाले. त्यांच्याकडे किल्ली होती आणि करारात सगळं लिहिलेलं होतं: देवघर मालकाकडे राहील, पूजेला ते रोज येतील, आणि त्यापायी भाडं हजार रुपयांनी कमी. ह्यांनी कमी भाडं तेवढं वाचलं आणि एजंटाकडेच खाली सही ठोकली. त्या दिवशी ह्यांना चहा मिळाला नाही.

अण्णा महापालिकेत चावीवाले होते. भल्या पहाटे एकेका पेठेचं पाणी सोडायचं आणि मग पूजेला यायचं, हा त्यांचा क्रम. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येई. साऱ्या गावाला पाणी सोडणाऱ्या या माणसाची बायको, पारूकाकू, जन्मभर बॅरल भरत राहिली. तिच्यासाठी अण्णांनी जुळे सोलापूर या नव्या वस्तीत दुसरं घर बांधलं आणि जमिनीखाली खोलीएवढी टाकी केली. घर बँकेच्या कर्जावर उभं होतं. हे जुनं घर आम्हाला भाड्यानं दिलं आणि त्या भाड्यात पगारातली थोडी भर घालून ते हप्ता भरत. "थोरला कमवतो, धाकटा शिकतो. घराचंबी तसंच की," असं ते म्हणत.

"मग देव का नाही नेले तिकडे?" मी विचारलं.

"कर्ज फिटंस्तवर ते घर बँकेचं. दुसऱ्याच्या घरात देव कसा न्यायचा?"

मी थक्क झाले. "आणि आम्ही राहतो ते?"

"हे माझं हाय. तुमी ऱ्हावा की खुशाल."

बँकेच्या माणसालाही असं उत्तर सुचलं नसतं. हळूहळू मला त्या घंटीची सवय झाली. पूजा झाली की ते ओट्याशी उभ्यानं चहा घेत आणि जाताना "उद्या न्हाय, परवा पाणी. भांडी घासून ठेवा," असं सांगून जात.

एका दुपारी पारूकाकू रिक्षातून आल्या. नुकत्याच दवाखान्यातून घरी सोडलेल्या, चार पायऱ्या चढायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. देवघरापुढं बसल्या आणि खंडोबाच्या टाकावरून बोट फिरवत राहिल्या.

"पोरी, पानी लई हाय तितं. पन सांजच्याला हात जोडायचं तर नुसती भिंत. माज्या डोळ्यादेखत देव आणा म्हणावं त्यांना. तू मास्तरीण हायस, तुजं ऐकतील."

मी सांगितलं अण्णांना. ते म्हणाले, "तीन वर्सं ऱ्हायलीत बाई. फिटलं की वाजत-गाजत नेतो." मी पुढे बोलले नाही. खरं सांगायचं तर देव गेले असते तर भाडं हजारानं वाढलं असतं, आणि तो हिशेब माझ्या डोक्यात होता. आज लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. सकाळी सहाला किल्लीचा आवाज आला नाही, कडी वाजली. दार उघडलं तर अण्णा पायरीखाली उभे. अंगात कालचाच शर्ट, पायात चप्पल नाही.

"आत या ना अण्णा."

"न्हाय. आज तुमी लावा दिवा."

"का? काय झालं?"

"सुतक हाय, तेरा दिस. पारू गेली पाटं."

बायकोला घरात तशीच ठेवून हा माणूस उंबऱ्याबाहेरून मला वात कुठं आहे, तेल कुठं आहे ते सांगत होता! मला त्यांचा भयंकर राग आला. मग त्यांचे हात दिसले. चावी फिरवून फिरवून घट्टे पडलेले ते हात हवेतल्या हवेत वात वळत होते. दिवा लागलेला त्यांनी बाहेरूनच पाहिला आणि अनवाणी परत गेले.

चौदाव्या दिवशी ते वेताची नवी पाटी आणि लाल कापड घेऊन आले. एकेक टाक पुसून कापडात ठेवू लागले. मला राहवलं नाही.

"अण्णा, हप्ते?"

"ऱ्हायलेत की."

"मग?"

"तिचा फोटो लावलाय तितं भिंतीला. एकटीच हाय."

त्या महिन्यात मी न विचारता हजार रुपये जास्त पाठवले. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला कडी वाजली. अण्णांनी नोटा माझ्या हातात ठेवल्या.

"देव नाहीत आता अण्णा. पूर्ण भाडं घ्या," मी म्हणाले.

"तेरा दिस तुमी दिवा लावला बाई. त्याचं भाडं मी कुटं दिलं?"