वगळलेलं पान

धुळ्याच्या बसस्थानकावर जळगावच्या गाडीत नुकतीच बसले होते, तेवढ्यात असोद्याहून अक्कांच्या भावाचा फोन आला. "ताई, आमची अक्का गेली... जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही." गाडी सुटली. पारोळा येईपर्यंत एकच मनात घोळत राहिलं : अक्कांशी एक गोष्ट बोलायची होती, आणि ती मी तीन वर्षं पुढे ढकलत आले होते.

विद्यापीठात त्या डॉ. मालती चौधरी, पर्यावरणशास्त्राच्या प्राध्यापक. आम्हाला मात्र अक्का. असोद्याच्या केळीवाल्या घरातल्या अक्का रोज एसटीने यायच्या. डब्यात कळण्याची भाकरी, त्यात माझ्या वाटणीची एक जास्त. मी धुळ्याहून विभागात नवी शिकवायला आलेली. बोलता बोलता 'आहे'ऐवजी तोंडून अहिराणी 'शे' निघून जायचं आणि मी ओशाळायचे. "अगं मनीषा, बोल की. शे तर शे!" म्हणून त्या हसायच्या.

विद्यापीठाने कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हा मोजणीचं काम अक्कांकडे आलं. सोबतीला मी. वीज, जनरेटरचं डिझेल, वसतिगृहाचा गॅस... सगळं झाल्यावर भर उन्हात त्यांनी मला फाटकावर उभं केलं. पहारेकरी म्हणाला, "म्याडम, बठ्ठ्या गाड्या मोजशात का?" "एकूण एक, बठ्ठ्या," अक्का म्हणाल्या, "कुलगुरूंचीसुद्धा." आठवडाभर आम्ही येणाऱ्या पोरापोरींना विचारत होतो, कुठून आलात, कशाने आलात. एक मुलगी म्हणाली, "एसटी येते तोवर पहिला तास संपतो, मग भावाच्या मोटारसायकलवर येते." अक्कांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

अहवालातलं या गाड्यांचं पान बैठकीत अडलं. बाहेरच्या गाड्यांचा धूर आपल्या नावावर कशाला, असं वरिष्ठांचं म्हणणं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "पोरं आपल्याकडे येतात म्हणूनच गाड्या चालतात ना?" तरीही पान काढलं गेलं. अक्कांनी सही केली नाही. कागद माझ्यासमोर आला. माझी बढती अडकलेली होती... मी सही केली. बाहेर आल्यावर वाटलं, आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी पी आधी. तोंड बघ कसं सुकलंय." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

संकल्पाचा फलक लागला, फोटो निघाले. अक्का तेच पान पिशवीत घालून एसटीच्या आगारात जाऊ लागल्या. कितीदा गेल्या, कोण जाणे. निवृत्तीनंतरही जात राहिल्या. अखेर असोद्याची सकाळची गाडी पहिल्या तासाच्या आधी पोचायला लागली. मी अभिनंदनाचा फोन केला, तर म्हणाल्या, "भडगावची राहिलीय अजून." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी केळीचा भाव विचारला.

यंदाचा, अक्का गेल्यानंतरचा, अहवाल माझ्याकडे आहे. फाटकावर पुन्हा मोजणी केली आणि ते पान घातलं. ते काढलं तर मी सही करणार नाही, असं लेखी कळवलंय. उत्तर आलेलं नाही. हे अक्कांना सांगायला फोन हातात घेतला होता... सवयच.

परवा विभागाला रंग द्यायला माणसं आली. दाराजवळच्या विजेच्या फळीवर दहा-बारा बटणं आहेत. एक दिवा लावायला लोक सगळी दाबून बघतात, म्हणून अक्कांनी प्रत्येकाशेजारी आपल्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती : 'खिडकीजवळचा पंखा', 'फळ्यावरचा दिवा', 'मनीषाच्या टेबलावरचा'. शेवटच्या बटणापाशी लिहिलंय, 'हे कशाचं, अजून कळलं नाही. शोधते.' रंगाऱ्याने विचारलं, "ताई, हे कागद खरवडू का?" मी म्हटलं, "तेवढी फळी सोडून रंग द्या, भाऊ."