काल घरी कोण हसलं?

हजेरी घेण्याआधी मास्तर पोरांच्या रांगेसमोर मांडी घालून बसायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि विचारायचे, "बोला, काल घरी कोण हसलं?"

पाढे नंतर, कविता नंतर, आधी हे. मी महाडहून दुसरा मास्तर म्हणून त्या शाळेत रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी मला वाटलं, आमचे हेडमास्तर जरा सटकलेले दिसतात. उमरठच्या पलीकडची डोंगरातली वाडी, देवळाच्या पडवीत शाळा. तपासणीला साहेब क्वचितच चढून येत, म्हणून हे खपून जाई.

पोरं मात्र मन लावून सांगत. "आये हासली, म्हस बाबाचा धोतार शिंगावर घेऊन पळाली तवा." "आजा हासला, पर कशाला ते नाय सांगितलान." प्रत्येक उत्तरावर मास्तर "बरं झालं" म्हणत. एखादं पोर सारखं "कोन नाय" म्हणू लागलं, की संध्याकाळी ते त्याच्या घरी ताक मागायला जात. ताक त्यांना सोसत नसे. तरी पीत.

वाडीही काही कच्ची नव्हती. मास्तर दारात येऊ नयेत म्हणून आया पोरांना उत्तर पढवून पाठवू लागल्या. एक पठ्ठ्या रोज "आजी हासली" ठोकून द्यायचा. आजी तेव्हा लेकीकडे कुडपणला जाऊन राहिलेली. मास्तर म्हणाले, "खणखणीत हसते हो तुझी आजी! कुडपणहून इथवर ऐकू येतं." त्यावर तो स्वतःच असा हसत सुटला की त्या दिवशी मास्तरांनी त्याचंच हसू धरलं.

मला कुतूहल निराळंच होतं. दुसऱ्यांच्या घरातलं हसू गोळा करणाऱ्या ह्या माणसाचं स्वतःचं घर कुठे होतं? खोलीत एक वळकटी आणि एक तांब्या. विचारलं, की म्हणत, "पोरं येतील आता, घंटा द्या." तुम्ही असतात तरी खोदून विचारलं असतंत. मी पुष्कळ खोदलं, हाती काही लागलं नाही.

शनिवारी दुपारी ते एखाद्या घरच्या मोठ्या माणसाला शाळेत बोलावत. कुणी दोरी वळायला शिकवी, कुणी इरलं विणायला. नियम एकच, त्या घरच्या पोरानं समोर बसून हाताखाली काम करायचं.

भागी नावाच्या मुलीचं "कोन नाय" काही केल्या बदलेना. मुंबईला गिरणीत असलेला तिचा बाप दम्यामुळे काम सुटून कायमचा घरी आला होता. पोरीनं त्याला आजवर शिमग्यालाच काय तो पाहिलेला. मास्तर ताक प्यायला गेले, मीही मागोमाग गेलो.

"काय सांगू गुर्जी," तिची आई चुलीपासून म्हणाली, "बाप वटीवर, नि पोर जेवते गोठ्यात. त्याच्या म्होरं येत नाय. तो बी हाक मारीत नाय. शिमगा झाला का धाडते तिला बिरवाडीला मामाकडं. राखील तिथं म्हशी. शाला पुरे झाली."

बाप ओटीवर खाली मान घालून बसला होता. मास्तरांनी ताक संपवलं आणि त्याला म्हणाले, "शनिवारी या. पोरांना काहीतरी शिकवा."

"मला काय येतंय गुर्जी? साच्यावर सूत तुटला का जोडायचा, येवढाच केलाय जल्मभर."

"मग तेच शिकवा."

शनिवारी तो आला. मास्तरांनी आपल्या उपरण्याचं टोक उसवून धागे काढून दिले. भागी खांबाआडून हलेना. मी तिला हाक मारणार होतो, मास्तरांनी हातानंच मला थांबवलं. दुसरी पोरं धागा धरून तोडू लागली आणि तो बोटांच्या एका वळशात जोडून देऊ लागला, तोही न बघता. "बघत बसायचा नाय," तो म्हणाला, "साचा थांबत नाय कोनासाठी." पोरांना ऊत आला. जो तो तोडायला पुढे.

मग त्याला ढास लागली. धागा सुटून खाली पडला. मी पाण्याला उठलो, तर भागी पुढे आलेली. तिनं धाग्याची दोन टोकं उचलली, बापासमोर धरली आणि खोकला थांबेपर्यंत तशीच धरून बसली.

"जोडा," ती म्हणाली.

"तू जोड," बाप म्हणाला. "मी सांगतंय." आणि त्यानं तिची बोटं आपल्या बोटांत घेतली.

पुष्कळ खटपटीनंतर एक भलीमोठी गाठ तयार झाली. बाप ती उजेडात धरून म्हणाला, "ही बघून गिरणीतला जॉबर आपल्या दोघांना बी कामावरनं हाकलील गो!" आणि हसला. मास्तर उगाचच टोपी झटकत बसले.

सोमवारी प्रश्न झाला. भागी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा." शिमगा झाला, पण ती बिरवाडीला गेली नाही.

पुढच्या वर्षी मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला. सगळी शाळा त्यांना पोचवायला पोलादपूरला मोटारीपर्यंत उतरली. मास्तर मोटारीत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सवयच ती. पण प्रश्न येण्याआधी भागीच खिडकीशी गेली.

"गुर्जी, तुमच्या घरी काल कोन हासला?"

इतक्या वर्षांत त्यांचाच प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. "माझ्या घरी कोणी नाही गो," ते म्हणाले. "होती ती माणसं कधीच गेली."

भागी म्हणाली, "मग आमी येताव, ताक पियाला."

मास्तर मोठ्यानं हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मोटार घाटाच्या बाजूला वळेपर्यंत ते हसणं आम्हाला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीआधी मी पोरांसमोर मांडी घातली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी तोंड उघडायच्या आतच अख्खी शाळा ओरडली, "गुर्जी हासले!"