सुनेला बघायला आले तेव्हाचा केक

पाहुणे मुलगी बघायला येणार म्हटल्यावर घरोघरी पोहे होतात. माझ्या सुनेनं आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "आई, पोहे नकोत. पोह्यांचा ट्रे घेऊन मी एकदा बाहेर आलीय, तवा समोर तुमचा ल्योक बसला होता." मी म्हटलं, बरं बाई, केक करू.

होय, सुनेलाच बघायला येणार होते. माझा मुलगा मिल्ट्रीत होता, डोंगरात त्याची गाडी दरीत गेली. सुनेचं माहेर शिराळ्याकडचं, पण तिला ना आई ना वडील. मग तिचं बघायचं कुणी? मी नवऱ्याला म्हटलं, "आवं, एवढीशी पोर. आपल्या दुःखाला राखण म्हणून बसवायची व्हय तिला?" त्यांनी मान डोलवली. भावकी मात्र बोलली. सासूच सुनेचं लगीन लावती, लय शहाणी झाली म्हणाले. म्हणोत बापडे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

केक मिक्सचं खोकं मुलगाच सुट्टीवर येताना कॅन्टीनमधून आणायचा. करायला सोपा. पातेल्यात स्ट्रॉबेऱ्या चिरून टाकायच्या, त्यावर साखर, मग खोक्यातलं पीठ कोरडंच पसरायचं आणि वर लोण्याचे तुकडे. कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला मीठ घालायचं आणि आत ते पातेलं मंद आचेवर ठेवायचं. कालवायचं मात्र अजिबात नाही. आता जन्मभर पीठ मळलेले हात माझे, ते गप्प बसतात होय? पहिल्या खेपेला मी सगळं ढवळून ठेवलं आणि लाल खळ झाली. मुलानं ती वाटीत घेतली, "आई, शिरा झकास झालाय," म्हणाला आणि चाटूनपुसून खाल्ली.

त्या दिवशी सुनेला साडी नेसायला पाठवलं आणि मुलानं आणलेल्या शेवटच्या खोक्यातून केक मी एकटीनं केला. स्ट्रॉबेऱ्या चिरताना मनात येत होतं, वाटेत पाहुण्यांची गाडी बंद पडावी, कुणी कान भरावेत, कसंही करून हे परत जावेत. आणि लगेच वाटायचं, असं कसं गं तुझं काळीज? पोरीचं भलं व्हावं म्हणून मीच तर बोलावलं होतं त्यांना. दोन्ही खरं होतं, काय करू?

बघायला येणारा मुलगा आणि त्याची आई, दोघंच आले म्हसवडहून. तो शाळेत मास्तर, पहिली बायको आजारात गेलेली. आई साधी बाई. केकचा घास घेऊन म्हणाली, "लय ग्वाड झालाय. मुलीनं केला का?"

बघायच्या दिवशी सगळं मुलीनंच केलेलं असतं, तशी रीतच आहे. "तिनंच," मी म्हटलं.

"आनि काय काय येतं तिला?"

मी सांगायला लागले. भाकरी पातळ करती. मला साखरेचं इंजेक्शन टोचती, कळत पण न्हाई. मुलगा गेल्यावर सासऱ्यांनी बोलणं टाकलं होतं, त्यांना हिनंच बोलतं केलं. मी रडायला लागले की शेजारी येऊन बसती, उगी म्हणत न्हाई. मग मी उठून त्यांना अजून केक वाढला.

पसंती झाली. आता मुलीला कुंकू लावून नारळ द्यायचा. त्या बाईंनी करंडा उघडला आणि तो माझ्यापुढं धरला. "आवं, पहिलं बोट तुमचं." माझा नवरा उठून परसात गेला. मुलगा गेल्यापासून मोकळं असलेलं सुनेचं कपाळ माझ्यासमोर होतं. मी बोट टेकवलं. मला वाटलं, माझ्या लेकाची बायको मीच माझ्या हातानं दुसऱ्याला दिली.

सून वाकून पाया पडली आणि तशीच माझे पाय धरून बसली. "आई," एवढंच म्हणाली.

मी तिला उठवलं आणि त्या बाईंकडं वळवलं. म्हटलं, "आता आई तिकडं, पोरी."