मी खोडलेला ओढा

डीटरकाका माझ्याशी कायम जर्मनमध्येच बोलत. मराठी त्यांना कळायचं, पण बोलायला लाजायचे. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मात्र फोनवर ते मराठीत बोलले. "कुंदा आता नाही." माझी तव्यावरची पोळी करपली, ती मी तशीच बघत राहिले. त्याला आता सहा आठवडे होतील.

कुंदामावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. डीटरकाकांशी लग्न करून त्या जर्मनीत, येनाला आल्या त्याला तीस वर्षं झाली. इथे एका कारखान्यात भिंगं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी झाली, त्यामुळे नजर तिखट. मी पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ आले तेव्हा मला ना काम होतं, ना भाषा येत होती. दिवसभर घरात बसून नुसती चिडचिड. पहिल्या भेटीत सगळे विचारतात, करमतंय का. मावशींनी विचारलं, "रबरी बूट आहेत का?" नव्हते. दुसऱ्या दिवशी स्वतःचे जुने बूट घेऊन दारात हजर. मला एक नंबर मोठे होतात, पण अजून तेच वापरते.

त्यांचं वेड असं होतं. इंटरनेटवर एक नकाशा आहे, त्यात कुणीही भर घालू शकतं. रस्ते, इमारती लोक हौसेने भरतात. टेकड्यांवरून उतरणारे हातभर रुंदीचे ओढे कोण भरणार? ते मावशी भरत. ओढ्याची रेघ पाणी वाहतं त्याच दिशेने ओढायची, असा तिथला नियम. सपाट कुरणात पाणी कुठे चाललंय ते पटकन कळत नाही, म्हणून त्यांच्या खिशात अक्रोडाची अर्धी कवचं असत. एक पाण्यात ठेवायचं, ते हलेपर्यंत थांबायचं, मग उचलून खिशात. मला तेवढा धीर धरवत नसे. "अगं, त्याला कुठे मीटिंग आहे?" मावशी म्हणायच्या. घरी येऊन रेघ काढली की बदलाच्या कारणापुढे त्या दोनच शब्द लिहीत: पाणी पाहिले. घरबसल्या, वरून घेतलेले फोटो बघून रेघा ओढणाऱ्यांचं नाव काढलं तरी त्यांना राग यायचा. वाटेत भेटणाऱ्या म्हाताऱ्यांना ओढ्यांची नावं विचारता विचारता मला जर्मन बोलता येऊ लागलं. हे गाव मला आपलं वाटायला लागलं ते त्या चिखलात, आणि ते मावशींमुळे. त्या असताना हे कधी तोंडाने म्हटलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा एकटी गेले. सफरचंदाच्या एका बागेमागे नकाशात ओढा होता. प्रत्यक्षात झुडपं माजलेली कोरडी चर. मी मोठ्या तोऱ्यात ओढा खोडला आणि लिहिलं, इथे ओढा नाही. संध्याकाळी नकाशातल्या जुन्या नोंदी पाहते तर ती रेघ मावशींनीच काढलेली. घाबरत घाबरत फोन केला. त्या आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, मार्चमध्ये बर्फ वितळलं की जाऊन बघ. मी म्हटलं, तुम्हीच परत आणा ना, मिनिटाचं काम आहे.

"नाही. मी आणला तर माझा मान ठेवून तू गप्प बसशील. तू खोडलास, तू बघ, तू ठरव."

मी कबूल केलं. नोव्हेंबरात त्यांचं दुखणं निघालं. हॉस्पिटलमध्ये शेवटची भेटले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मार्चचं लक्षात आहे ना?"

त्या गेल्यावर मात्र मला मोह झाला. न बघताच ओढा होता तसा परत ठेवावा, तीच श्रद्धांजली. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. पाणी नसलंच तर? ज्यांनी मला बघायला शिकवलं त्यांचीच चूक मी जगजाहीर करायची, तेही त्या उत्तर द्यायला नसताना? मार्चचे पहिले दोन रविवार मी निमित्तं काढून टाळले. पण न बघता ओढलेली रेघ मावशींना मुळीच चालली नसती. तिसऱ्या रविवारी डीटरकाकांना सोबत घेऊन गेले.

बाग दिसायच्या आधीच पाण्याचा आवाज आला. ओढा होता. पण मावशींनी काढला होता तिथे नव्हे. ती चर कोरडीच होती. वीसेक पावलं पलीकडे, कुंपणाच्या बाहेरून तो वाहत होता. पाण्याने वाट बदलली की मावशींच्या तिखट नजरेलाच चकवा बसला, ते आता कोण सांगणार... खाली कुरणात पाणी पसरून थबकलं होतं. मावशींचा कोट अजून खुंटीवर आहे. काकांनी निघताना त्याच्या खिशातून एक कवच आणलं होतं. ते त्यांनी पाण्यात ठेवलं. बराच वेळ ते हललं नाही. मी घाई केली नाही.

"आल्झो... चाललं," काका अर्धं जर्मन, अर्धं मराठीत हळूच म्हणाले.

काकांच्याच घरी बसून मी नकाशात ओढा काढला. मी पाहिला तसा, मावशींच्या रेघेपासून वीस पावलं दूर. कारणापुढे त्यांचेच दोन शब्द लिहिले. निघताना ते ओलं कवच पुसून कोटाच्या खिशात परत ठेवलं. पुढच्या ओढ्याला लागेल.