रुपीबाईकडचा सातवा शब्द

१४ ऑगस्ट २०२५. दोन लाख सत्तर हजार दोनशे रुपये. त्या सकाळी घाटंजीजवळच्या तांड्यावर नेमसिंगच्या मोबाइलवर हा आकडा आला. बारा घरांची मिळून अडतीस क्विंटल साठ किलो तूर गोदामात होती आणि तिला सात हजारांचा भाव लागला होता. तीस तारखेच्या आत कागद उघडून होकार द्यायचा. नाहीतर करार संपून तूर लिलावात पडेल त्या भावाने जाणार.

कागद उघडायला बारा शब्द लागत. सातवा शब्द नेमसिंगच्या बायकोकडे होता, आणि रुपीबाई तीन जुलैला तापाने गेली होती.

नेमसिंग एकसष्ट वर्षांचा, चौथी शिकलेला. बावीस वर्षं त्याने गोदामात काट्यावर काम केलं. त्याने वजन सांगितलं की तांड्यावर पुन्हा कोणी विचारत नसे. म्हणून फेब्रुवारीत नव्या कंपनीची अनघा तांड्यावर आली, तेव्हा सगळ्यांनी त्यालाच पुढे केलं. तुरीचे लहान लहान डिजिटल हिस्से होतील, त्यांना टोकन म्हणायचं, ते कोणीही विकत घेईल, असं तिने सांगितलं. वजनाची पावती, ओलाव्याचा दाखला, करार हे सगळं कुलूपबंद होऊन तुकड्यातुकड्यांनी शेकडो संगणकांवर राहणार. एखादा बंद पडला तरी दुसरीकडे नक्कल असणारच. उघडायचे बारा इंग्रजी शब्द मात्र फक्त तांड्याकडे. कंपनीलाही ते ठाऊक नसणार.

"मंग हरवले तं?" नेमसिंगने विचारलं.

"हरवायचे नाहीत, काका. आणि कोणाच्या हाती लागतील असे ठेवायचेही नाहीत."

तांड्याचा नायक पूनमसिंग याने तिथेच निकाल दिला. "कागद शंभर जागी राहू शकते, तं शब्द बारा घरी काहून नाही?" घरटी एक शब्द, ज्याचा त्याने पाठ करायचा, दुसऱ्याला सांगायचा नाही. त्यातही बैलांच्या पाठीवर माल वाहायचे तेव्हापासूनची तांड्याची रीत होतीच: ज्याच्या हाती माल, त्याच्याकडे मोजदाद नाही. मोबाइल नेमसिंगकडे, म्हणून त्याच्या घरचा शब्द रुपीबाईला मिळाला.

ती चुलीपुढे बसून तो पुटपुटायची. शब्द विसरू नये म्हणून भाकरी थापताना, भांडी घासताना ओठ हलत राहायचे. नेमसिंग उठून अंगणात जायचा. ऐकायचं नाही म्हणजे नाही.

आता सगळे त्याच्या ओट्यावर जमले.

"एका घरात राह्यला, अन् एक शब्द कानावर नाही पडला?" शकुबाई म्हणाली. तिच्या घरची चार क्विंटल तूर त्यात होती. "बाकी तं सारं ऐकू येते तुले!"

"ऐकायचा नव्हता म्हून नाही ऐकला."

"लय हरिश्चंद्र लागून गेला!"

नेमसिंगने नुसती मान हलवली. दीड महिना तो असाच होता. लोक बोलत, तो मान हलवी. जेवण वाढलं तर जेवी. तेराव्यालाही त्याच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं; त्यावरून बायका कुजबुजल्या तेही त्याने ऐकलं आणि सोडून दिलं.

वीस तारखेला अकरा घरची अकरा माणसं घेऊन तो घाटंजीला सलीलच्या संगणकाच्या दुकानात गेला. सलीलने सगळं ऐकून घेतलं.

"कागदाच्या नकला होत्या, काका. शब्दाची नक्कल कुठं ठेवली?"

पूनमसिंग खाली बघू लागला.

"पण एकच गेला न? मंग होते. हे शब्द दोन हजार अठ्ठेचाळीसच्या एका ठरलेल्या यादीतले असतात. बाकीचे अकरा बरोबर असले, तं मशीन सातव्या जागी एकेक लावून पाहीन."

अकरा जण एकेक करून आत गेले. बाकीचे रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. शकुबाईने सलीलच्या कानाशी तोंड नेलं.

"जोरात बोल ना, मावशी."

"जोरात बोलली तं त्यायले ऐकू जाईन. टमाटू!" हे ती एवढ्या जोरात म्हणाली की पलीकडचे सगळे हसले. नेमसिंगही हसला असावा, असं नायकाला वाटलं.

मग सलीलने मशीन सुरू केलं. चहा येईपर्यंत काम झालं होतं.

"भेटला, काका. मफिन."

"म्हंजे?"

"केकसारखं असते. लहान, वाटीएवढं."

रुपीबाईने ते कधी पाहिलं नव्हतं, खाल्लं नव्हतं. पाच महिने तिच्या ओठांवर ते होतं. नेमसिंगने शब्द एकदा उच्चारून पाहिला. तिचे हलणारे ओठ त्याला आठवले, त्यांवर हा शब्द बसवून पाहिला, बसला असावा. आत काही हललं नाही. कुलूप उघडलं, पावत्या दिसल्या, त्याने होकाराचं बटण दाबलं.

पंचवीस तारखेला पैसे जमा झाले आणि वजनाप्रमाणे बारा घरांत वाटले गेले. नेमसिंगच्या वाट्याला एकवीस हजार आले. बारा शब्द आता बदलले आहेत, आणि प्रत्येक शब्द दोन घरी असतो. नेमसिंगच्या घरी शब्द नाही. तिथे दुसरं कोणी नाही.

सलीलची मजुरी नऊशे रुपये ठरली होती. साडेसातशे दिले. दीडशे अजून द्यायचे आहेत.