केंद्राची मोटर, राज्याची बॉडी

ड्रेस्डेनच्या आमच्या संस्थेत नंबर नसलेली वस्तू म्हणजे अनौरसच. खुर्ची असो, मायक्रोस्कोप असो की कॉफीचं यंत्र, प्रत्येकाच्या अंगावर एक चंदेरी चिकटपट्टी, तिच्यावर आकडा, आणि तोच आकडा वरच्या मजल्यावरच्या इन्व्हेंटारवाल्या बाईंच्या यादीत. इन्व्हेंटार म्हणजे संस्थेच्या सगळ्या चीजवस्तूंची मोजदाद. मी पीएचडीला रुजू झाले त्या दिवशी या बाईंनी मला माझ्या टेबलाचा नंबर दाखवला आणि सही घेतली. मी पडले पुण्याची, गप्प बसणं रक्तात नाही. म्हटलं, "टेबल काय पळून जाणार आहे का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "टेबलं जात नाहीत. माणसं जातात." हा विनोद होता हे मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

संस्था ना-नफा तत्त्वावरची. स्वतःची कमाई शून्य, सगळा संसार अनुदानावर. काही यंत्रं बर्लिनच्या मंत्रालयाच्या पैशांतली, म्हणजे केंद्राची, काही राज्याची, काही कुठल्या कुठल्या फाउंडेशनची. ज्याच्या पैशातून यंत्र आलं त्याच्याच प्रकल्पाचं काम त्या यंत्राने करायचं, आणि रीतसर निकालात निघेपर्यंत ते जागेवर हजर असायला हवं. मेलेलं असलं तरी हजर हवं. आपल्याकडे कॉलेजात असले नियम असतीलही, पण ते कपाटात असतात. तिथे ते जिन्यावरून खाली चालत येत.

माझ्या लॅबमध्ये आणखी एक मराठी माणूस होता, इचलकरंजीचा. पीएचडी कधीच झालेली, आता पोस्टडॉक, म्हणजे कंत्राटावरचा संशोधक. वयाने माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायला लागले आणि मग सगळी लॅबच म्हणायला लागली, जर्मन मुलंसुद्धा. त्याच्या वडिलांचे पॉवरलूम होते. हा लूमच्या खडखडाटात अभ्यास करून शिकलेला. बिघडलेलं यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. "माणसापेक्षा मोटर बरी गं," म्हणायचा, "काय दुखतंय ते सरळ सांगती."

आमचं काम होतं काचेवर धातूचा अगदी पातळ थर चढवायचं. त्यासाठी पेटीतली हवा काढून टाकावी लागते, आणि हवा काढायला व्हॅक्यूम पंप लागतो. आमचा पंप ऐन कामाच्या वेळी बसला. नवा मागवायचा तर अर्ज, तीन कंपन्यांची कोटेशनं, मंजुरी, म्हणजे वर्षाची निश्चिंती. आणि तळघरात तीन जुने पंप पडलेले. एल्ब नदीला मोठा पूर आला त्या वर्षी तळघरात पाणी शिरलं होतं, तेव्हापासून तिघेही गपगार.

दादा एक दिवस खाली जाऊन आला तो हाताला काळं ग्रीस आणि डोळ्यांत चमक घेऊन. "तिघांत मिळून एक चांगला पंप हाय," तो म्हणाला. "एकाची मोटर शाबूत हाय, एकाची बॉडी, एकाच्या आतली पाती. करूया की!"

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि हे मुद्दाम सांगते, कारण तिथल्या कुणालाही ते वावगं वाटलं असतं. माझ्या पुण्याच्या कॉलेजात दोन बंद यंत्रांतून एक चालू करणं हा गुन्हा नव्हता, तो प्रॅक्टिकलचाच भाग होता. आमचे सर तर नवं यंत्र आलं की जुन्याकडे बघून म्हणायचे, आता याचा दवाखाना करू, पार्ट काढायला. आम्ही दोघांनी आठवडाभर रोज संध्याकाळी ते काम केलं. मोटर आणि बॉडी एकमेकांना बसेनात, तेव्हा दादाने वर्कशॉपच्या लेथवर स्वतः एक जोड तासून काढला. बटण दाबलं. पंप आधी खोकला, मग घरघरला, मग असा एका सुरात लागला की काय सांगू! दादा अक्षरशः नाचला. मी त्याला कधी नाचताना पाहिलं नव्हतं, आणि परत पाहिलंही नाही.

तो पंप पुढे बिनतक्रार चालला. माझ्या प्रबंधातले निम्मे आलेख त्याच्या जिवावर उभे आहेत. आजही कुठे तसली घरघर ऐकू आली की मला ती लांबट खोली आठवते, खिडकीतून दिसणारी पिवळी ट्राम आठवते, गरम तेलाचा वास येतो, आणि फार बरं वाटतं. तरुण होतो, काम होत होतं, आणखी काय हवं असतं माणसाला?

त्याच वर्षी वसंतात वहिनी आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी इचलकरंजीहून आल्या. इतकी वर्षं दादा एकटाच खोली करून राहायचा. आता दोन खोल्यांचं घर झालं, बाल्कनीत कोथिंबीर आली, मुलगी किंडरगार्टनला जायला लागली. चार महिन्यांत ती असं जर्मन बोलायला लागली की दुकानात बापाच्या चुका काढायची. वहिनी मराठीत विचारायच्या, "भूक लागली का गं?" आणि ही म्हणायची, "नाइन, मामा," म्हणजे नाही गं आई. दादाला राग यायच्या ऐवजी हसू फुटायचं. मात्र त्याचं कंत्राट डिसेंबरअखेरपर्यंतच होतं. कंत्राट संपलं की व्हिसा संपला. मंत्रालयाने प्रकल्पाला मुदतवाढ दिली तर कंत्राट वाढणार, नाही तर तिघांनीही परत. ही एक गोष्ट त्या घरात रोज जेवायला बसायची.

आणि मग आला दसरा.

इचलकरंजीत दसऱ्याला लूमची पूजा होते. दादा म्हणाला, "माझा लूम तर हाच हाय," आणि पंपाकडे बोट दाखवलं. वहिनींनी उत्साहाने शिरा केला. झेंडूची कुंडी मिळाली. आपट्याची पानं कुठली मिळायला? मी बागेतून गिंकोच्या झाडाची पिवळी पानं वेचून आणली, ती आपट्यासारखीच मध्ये चिरलेली असतात. उदबत्ती लावता येईना, नाही तर अलार्म वाजून फायर ब्रिगेड दारात. नारळ बाहेर सायकली लावायच्या जागेजवळ फोडला. पंपाला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं होतं. वहिनी म्हणाल्या, "अहो, वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही बोलवा की. सणाच्या दिवशी कुणाला वगळू नये."

इन्व्हेंटारवाल्या बाई आल्या. अगदी मनापासून आल्या, बरं का. मुलीसाठी चॉकलेट घेऊन आल्या. शिऱ्याची वाटी हातात घेऊन पंपावरचं कुंकू बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, किती सुंदर आहे हे, यंत्राचे आभार मानायचे!

एवढं ऐकून आमचा दादा फुलला. आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, छाती पुढे काढून, त्याने सांगायला सुरुवात केली. हा साधासुधा पंप नाही, तिघांतून केलाय. मोटर केंद्राची, बॉडी राज्याची, पाती फाउंडेशनची! मी शेजारी उभी राहून मान डोलावत होते, वर "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत होते. कर्म माझं!

बाईंनी शिरा संपवला. वाटी टेबलावर ठेवली. मग हळूच विचारलं, "कुठले तीन?"

वहिनींना भाषा येत नव्हती, पण त्यांचा चेहरा माझ्याआधी उतरला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना वर बोलावलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी सांगितलं ते असं. मंत्रालयाचे तपासनीस नोव्हेंबरात येणार आहेत. ते केंद्राच्या पैशांतल्या वस्तू बघणार आणि मग मुदतवाढीचा निर्णय होणार. केंद्राचा पंप यादीत आहे, पण जागेवर नाही. त्याची मोटर दुसऱ्याच्या बॉडीवर बसून तिसऱ्याच्या प्रकल्पाचं काम करते आहे. हे समजावून सांगता येईल, कुणी चोर म्हणणार नाही. पण पत्र जाणार, उत्तर येणार, परत पत्र जाणार, आणि तोवर मुदतवाढ थांबलेली असणार. डिसेंबरात दादाचं कंत्राट संपणार, हे बाईंनाही ठाऊक होतं.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"तीन होते," बाई म्हणाल्या. "तीन करा."

मी खाली येताना जिन्यावरच तावातावाने बोलायला लागले. हा काय मूर्खपणा, चालणारी वस्तू मोडायची आणि मेलेल्या मोजायच्या, यांच्या डोक्यात काय भुसा भरलाय का! दादा पायऱ्या उतरत राहिला. खाली पोहोचल्यावर म्हणाला, "पोरगी नोव्हेंबरात कंदील घेऊन मिरवणुकीत जाणार हाय. किंडरगार्टनची. रोज घरात गाणं म्हणती. तू भांडू नगंस."

शनिवारी आम्ही पंप उघडायचं ठरवलं. दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या, मुलगीही होती. पंप चालूच होता; दादाने तो सकाळपासून बंद केला नव्हता. आधी जेवू, मग करू, असं त्याचं चाललेलं. शेवटी त्याने बटण दाबलं आणि घरघर थांबली. वहिनी म्हणाल्या, "अहो, चांगला चालतोय की. मग कशाला मोडताय?" त्यांना सगळं माहीत होतं, तरी विचारल्याशिवाय राहवलं नसावं. दादा म्हणाला, "तुम्ही दोघी हितं राहाव्या म्हणून." वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि मुलीला घेऊन बाहेर ट्राम बघायला गेल्या.

मोटर सुटेना. दादाने तासलेला तो जोड उष्णतेने पक्का बसला होता. तो करवतीने कापावा लागला. मी धरलं, त्याने कापलं. मग जे ज्याचं होतं ते त्याच्यावर परत चढवलं, चंदेरी पट्ट्या पुसून नीट केल्या, कुंकवाचा डाग स्पिरिटने घालवला. संध्याकाळी तळघरात तीन पंप ओळीत उभे होते, तिन्ही पूर्ण, तिन्ही मुके. मी सरळ रडले. पंपासाठी रडतेय म्हणून दादाने मला चिडवायला हवं होतं, एरवी सोडलं नसतं. त्या दिवशी त्याने नुसता हात धुवायचा साबण पुढे केला.

तपासनीस आला तो सभ्य, सर्दी झालेला गृहस्थ होता. सोबत बाई होत्या. केंद्राच्या पंपापाशी थांबून त्याने नंबर वाचला आणि विचारलं, चालतो का? बाई म्हणाल्या, "डेफेक्ट, आबर फोरहांडन." बिघडलेला, पण हजर. त्याने मान हलवली, खूण केली, नाक पुसलं आणि पुढच्या खोलीत गेला. जाताना मात्र एक शेरा मारून गेला: इतकी वर्षं बंद असलेली यंत्रं सांभाळायची गरज नाही, रीतसर निकालात काढावीत.

इतके दिवस मला आशा होती. तपासणी आटोपली की परत जोडू, नवा जोड तासू, कुणाला कळतंय! दादानेही एकदा लोखंडाचा तुकडा निवडून ठेवलेला मी पाहिला होता. पण शेरा म्हणजे शेरा. बाईंनी कागद तयार केले, आणि डिसेंबरात भंगाराची गाडी आली. दोन माणसांनी तिन्ही पंप ट्रॉलीवर घालून नेले. दादा त्यांना दार उघडून धरत होता. बाहेर बर्फ पडत होतं.

मुदतवाढीचं पत्र त्यानंतर आलं. दोन वर्षं! बातमी घेऊन बाई स्वतः खाली आल्या, दादाचा हात दोन्ही हातांत धरून अभिनंदन केलं. लॅबमधल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी तर ओरडलेच. दादाही हसत होता. मग त्याने भिंतीजवळचा फोन उचलला आणि घरी लावला.

"अगं," तो म्हणाला, "बॅगा भरू नगंस. ऱ्हायचं आपण."

पलीकडून वहिनींचा आवाज मला इथे ऐकू आला, इतक्या त्या मोठ्याने बोलत होत्या, आणि मागे मुलगी काहीतरी विचारत होती. दादा ऐकत होता, हसत होता, हो हो म्हणत होता. मग वहिनींनी आणखी काहीतरी विचारलं असावं, कारण तो वळून पंप असायचा त्या कोपऱ्याकडे बघायला लागला. फरशीवर तेलाचा एक चौकोनी डाग तेवढा उरला होता.

"तो गेला," दादा म्हणाला, आणि फोन कानाला तसाच धरून उभा राहिला.